दुष्फेन पाणी आणि आमची दाढी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दोन आठवड्यांआधी पुरुषांसाठी म्हणून एक चौकट आली होती, दाढीनंतर गळ्याशी आग होते, पुरळ येतं, फेस टिकत नाही तर काय करायचं, आणि उपाय काय दिला होता तर चांगल्या कंपनीचा साबण घ्या आणि प्राण्याच्या केसांचा भारी ब्रश घ्या, झालं. मी हातातला चहा खाली ठेवला आणि बायकोला म्हटलं की आता या पेपरवाल्यांना लिहावंच लागते. ती म्हणाली, लिहा ना, पण आधी बाल्कनीतले तुमचे ते डबे आवरा. ते डबे तिथं कसे आले तेच या पत्रात सांगायचंय. पत्र लांबलंय, कापायचं तर कुठूनही कापा, फक्त पाण्याचा भाग ठेवा, कारण तुमच्या चौकटीत नेमकं पाणीच नव्हतं.

मी ४४ वर्षांचा, बँकेत नोकरी. वीसेक वर्षं फोमच्या कॅनने दाढी केली, बटण दाबलं, पांढरा गोळा हातावर आला, फासला, संपलं. मागच्या दिवाळीच्या तोंडावर एक कॅन अर्धा भरलेला असतानाच त्यातला गॅस गेला, हलवला की आत खळखळ ऐकू येते पण बाहेर नुसतं फुस्स, आणि त्या दिवशी मला असा राग आला की तडक आपल्या नागपूरच्या इतवारी बाजारात गेलो (तिथं सणाच्या दिवसांत गाडी घेऊन जायला रागच लागतो) आणि प्लॅस्टिकच्या दांड्याचा एक नायलॉनचा ब्रश आणि दाढीचा गोल साबण घेऊन आलो. दोन्ही मिळून दीडशेच्या आत. दुकानदार म्हणाला, हे आता म्हातारेच नेतात साहेब.

पहिले आठ दिवस फेस म्हणून जे झालं त्याला फेस म्हणणं म्हणजे सावजी रश्शाला सूप म्हणण्यासारखं आहे. मोठे मोठे फुगे यायचे, अर्धी दाढी होईपर्यंत फुटून जायचे, खाली नुसतं साबणाचं पाणी आणि त्याच्यावरून ब्लेड. मध्ये एक दिवस दाढीचा साबण सापडेना तर साबण तो साबण म्हणून आंघोळीचाच घासला, ते तर अजून वाईट. नंतर कळलं की दोन्ही वेगळे प्रकार आहेत, आंघोळीचा साबण बहुतेक सोडियमचा असतो आणि दाढीच्या साबणात पोटॅशियमवाला भाग असतो, शिवाय स्टिअरिक ॲसिड जास्त, त्यामुळे एकतर तो पाण्यात चटकन विरघळतो आणि दुसरं म्हणजे त्याचा फेस बारीक, दाट होऊन टिकतो. आंघोळीच्या साबणाला टिकायचंच नसतं, तो धुवून जायला बनवलाय.

तेव्हा आम्ही महालातल्या जुन्या घरी राहायचो. बडकस चौकाजवळ आमचे सलूनवाले काका आहेत, माझं जावळ सोडून बाकी सगळे केस त्यांनीच कापले असतील. त्यांच्याकडे गेलो आणि सांगितलं की काका, फेस होत नाही. ते म्हणाले, दाखव कसा करतो. त्यांच्याच वाटीत केला. दहा सेकंद पाहिलं आणि म्हणाले, "अबे, साबण लावून राहिला का फरशी घासून राहिला?"

मग त्यांनी हातात हात धरून शिकवलं म्हणता येईल. ब्रश आधी कोमट पाण्यात भिजत ठेवायचा, नायलॉनचा असला तर अर्धं मिनिट बस झालं, डुकराच्या केसांचा असला तर दोन-तीन मिनिटं, कारण तो केस स्वतः पाणी पितो, आणि नवीन असला तर महिनाभर वापरल्यावर त्याची टोकं फुटून मऊ होतात, तोपर्यंत तो टोचणारच. मग ब्रश झटकायचा, दोनदा, पिळायचा नाही. साबणाच्या वडीवर थोडं पाणी टाकून तेही ओतून द्यायचं. आता वडीवर ब्रश फिरवायचा, फक्त टोकं टेकवून, गोल गोल, अर्धा मिनिट तरी. इथंच सगळे चुकतात, मीही चुकत होतो. आपल्याला वाटतं पाच-सहा फेरे मारले, पांढरं दिसलं, झालं. काका म्हणाले, "साबण कमी घेतला का मंग कितीबी घोट, मठ्ठाच होते."

हे मठ्ठ्याचं मला एकदम पटलं कारण सगळी भाषा तिथेच सापडते. ब्रश वडीवरून उचलला की त्याच्यावर जे असतं ते चक्क्यासारखं पाहिजे, घट्ट, जरा कोरडं, ब्रशला चिकटून बसलेलं. ते वाटीत किंवा सरळ गालावर घ्यायचं आणि मग पाणी द्यायचं, पण पाणी म्हणजे ब्रशची नुसती टोकं बुडवून येतं तेवढंच, पाच-सहा थेंब. फिरवा. परत थेंब. परत फिरवा. चार-पाच वेळा असं केलं की चक्क्याचं श्रीखंड होते, आणि अजून एक-दोन वेळा दिलं की श्रीखंडापेक्षा जरा सैल, आणि त्याला चमक येते. ती चमक आली की थांबायचं. ब्रश उचलला तर टोक उभं राहून हळूच वाकलं पाहिजे. ताठ उभं राहिलं तर अजून कोरडं आहे, गालावर दोन मिनिटांत वाळून खडू होईल. उभंच राहिलं नाही तर मठ्ठा झाला, आता पाणी काढता येत नाही, परत वडीवर जा आणि साबण घ्या. फुगे डोळ्यांना दिसले की समजायचं पाणी एकदम पडलं किंवा ब्रश जोरात फिरला.

"त्याले घाई नाही पाह्यजे," काका म्हणाले, "थेंब थेंब देत जाय, तो आपला आपणच फुगते."

आणि हा फेस कशासाठी तर दिसायला छान म्हणून नाही. केस पाणी प्यायला की फुगतो आणि मऊ होतो, आणि तो कापायला लागणारा जोर खूपच कमी होतो, पण त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ पाणी गालावर धरून कोण ठेवणार, ते काम फेसाचं. दुसरं काम ब्लेडला घसरायला देणं. म्हणून फुग्यांचा फेस कितीही मोठा दिसला तरी कामाचा नाही, त्याच्यात हवाच जास्त, पाणी नाही. आंघोळ करून दाढी केली तर अर्धं काम आधीच होऊन जाते, हे मला वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, मी आधी दाढी मग आंघोळ करत होतो.

असो. डिसेंबरपर्यंत माझा हात बसला. खरंच बसला. सकाळची ती सात-आठ मिनिटं मला आवडायला लागली, थंडीत गरम पाण्यात भिजलेला ब्रश गालाला लागला की काय वाटतं ते कॅनवाल्यांना नाही कळणार. बायको म्हणायची, अहो दही घुसळून राहिले का आत, ऑफिस आहे ना. मी ऑफिसमधल्या दोघांना ब्रश घ्यायला लावला. थोडा गर्वही झाला म्हणा.

आणि मार्चमध्ये आम्ही बेसा रोडकडे नवीन फ्लॅटवर राहायला आलो.

बिल्डरने सांगितलं होतं चोवीस तास पाणी. ते खरं निघालं, बोअरचं चोवीस तास पाणी आहे. पण पहिल्याच दिवशी तोच ब्रश, तोच साबण, तोच मी, आणि वाटीत काय तर करड्या रंगाचं पातळ चिकट काहीतरी. चक्का होईना. पाणी दिलं की दुधासारखं फाटल्यागत व्हायचं, वर पांढरे कण तरंगायचे, वाटीच्या कडेला एक थर बसायचा जो नखाने खरवडावा लागायचा. मला वाटलं साबण जुना झाला. नवीन आणला, तसंच. मग ब्रशवर संशय गेला आणि तुमच्या चौकटीत जे लिहिलंय नेमकं तेच मी एप्रिलमध्ये केलं, ऑनलाइन नऊशे रुपयांचा ब्रश मागवला, खऱ्या केसांचा, लाकडी दांड्याचा, आणि परदेशी साबणाची एक डबी. तेराशे रुपये एकूण. फेस शून्य. म्हणून म्हणतो, तुमची चौकट वाचून माझ्यासारख्या अजून किती जणांनी तेराशे रुपये घातले असतील.

मग सल्ले सुरू झाले. सोसायटीत एकदा का कळलं की यांच्या दाढीला फेस येत नाही की मग काय विचारता. एकाने सांगितलं पाण्यात लिंबू पिळा, लिंबाने खारं पाणी मरते. पिळलं. जो थोडाफार फेस होता तोही एका मिनिटात मेला, कारण साबण हा आम्लात टिकतच नाही, त्याचं परत फॅटी ॲसिड होऊन जाते, पांढऱ्या चुऱ्यासारखं वर येते. दुसऱ्यांनी तुरटी फिरवायला सांगितली. तुरटी दाढी झाल्यावर गालाला लावायला चांगली, काका अजूनही लावतात, आणि गढूळ पाण्यातली माती खाली बसवायलाही चांगली, पण पाण्यात जे विरघळलेलंच आहे ते तुरटीने जात नाही, फेस उलट अजून बसला. तिसऱ्यांनी धुण्याचा सोडा सुचवला. त्याने पाणी सुधारतं हे खरंय पण तो गालावर लावायचा म्हणजे काय, मी तेवढा वेडा नाही. मे महिन्यात तर अजून एक भर, आमच्या बाथरूमच्या बाहेरच कूलर आहे आणि दार उघडं ठेवून दाढी केली की तो वारा फेस असा वाळवते की डावा गाल होईपर्यंत उजव्या गालावर पापड झालेला असतो. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला काय सांगू, २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश झाले होते, हवेत ओलावा नावाला नसतो. (यावर उपाय सोपा आहे, कूलर बंद, पंखा बंद, आणि एका वेळी अर्ध्याच चेहऱ्याला फेस. टाकीचं पाणी मात्र तेव्हा आपोआप गरम येते, तो फायदा.)

शेवटी मे महिन्यात केस कापायला महालात गेलो तर ब्रश आणि साबण पिशवीत घालूनच नेले. काकांना म्हटलं, काका, शिकवलेलं गेलं सगळं. त्यांनी माझाच ब्रश घेतला, माझीच वडी घेतली, आणि गप्पा मारता मारता मिनिटभरात असा फेस केला की बघत राहिलो, वाटीतून वर आला. म्हणाले, "ब्रश बी चांगला हाय, साबण बी चांगला हाय. तुहा हातच गेला पोट्ट्या. तिकडं जाऊन बिघडला तू." दुकानातले सगळे हसले. मीही हसलो पण मनात खूप लागलं. बेसा रोडपर्यंत स्कूटर चालवत आलो तोवर स्वतःचा हात कसा गेला याचाच विचार.

घरी येऊन हे पोराला सांगितलं. तो बारावीला आहे, मोबाईलमधून डोकं वर न काढता त्याने एकच विचारलं, "बाबा, तिथं पाणी कुठलं होतं?"

आता मी सायन्सचा नाही, कॉमर्सचा, पण हे ऐकल्यावर मला शाळेतलं पुस्तक आठवलं. पोरगं म्हणतं हार्ड वॉटर. आमच्या मराठी शाळेत त्याला दुष्फेन पाणी म्हणायचे. दुष्फेन. फेन म्हणजे फेस. ज्या पाण्याचा फेस वाईट होतो ते दुष्फेन आणि ज्याचा चांगला होतो ते सुफेन. संपादक साहेब, सगळं उत्तर त्या एका शब्दात लिहिलेलं होतं, आणि मी तो दोन मार्कांसाठी पाठ करून, पेपरात लिहून, विसरून गेलो होतो आणि तीस वर्षांनी तेराशे रुपयांचा ब्रश घेत बसलो.

महालात नळाला येतं ते पेंच-कन्हानचं, म्हणजे नदी-धरणाचं पाणी. आमच्याकडे येतं ते जमिनीखालचं. आपला सीताबर्डीचा किल्ला ज्या काळ्या दगडाच्या टेकडीवर आहे तसल्या खडकाच्या भेगांमधून पाणी वर्षानुवर्षं झिरपते आणि जाता जाता त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेत जाते. साबण त्या पाण्यात गेला की आधी कॅल्शियमला जाऊन चिकटते आणि त्याचा न विरघळणारा साका होतो, तोच माझ्या वाटीच्या कडेचा पांढरा थर. जोपर्यंत पाण्यातलं कॅल्शियम संपत नाही तोपर्यंत फेस व्हायला साबण उरतच नाही. म्हणजे पहिला अर्धा साबण पाणीच खाऊन टाकते आणि आपण म्हणतो साबण खराब आहे. फोमच्या कॅनला हा त्रास का नाही तर त्यात आपलं पाणी मिसळावंच लागत नाही, तो फेस तयार होऊनच येतो. म्हणून वीस वर्षं मला पत्ता लागला नाही.

पण पोरगं म्हणालं, बाबा, नुसतं बोलून काय, करून पाहू. तीन बाटल्या घेतल्या, सारख्या. एकीत बोअरचं पाणी, एकीत महालातून आणलेलं नळाचं, आणि तिसरीत इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला आणलेलं डिस्टिल्ड वॉटर, ते तर आपल्याकडे घराघरात असतंच. दाढीच्या साबणाचा चुरा त्या डिस्टिल्ड पाण्यातच विरघळवून त्याचे मोजून दहा-दहा थेंब प्रत्येकीत टाकले, झाकण लावून वीस-वीस वेळा हलवल्या. डिस्टिल्डवाली झाकणापर्यंत फेसाने भरली. नळाची अर्धी. आणि बोअरची, काय सांगू, वर एक साय आणि खाली ताक. बायको पण पाहायला आली. मी ती डिस्टिल्डची बाटली तशीच बाथरूममध्ये नेली आणि संध्याकाळी साडेसातला दाढी केली, गरज नसताना. चमचा-दीड चमचा पाणी लागलं असेल सगळं मिळून. तो फेस. तीच चमक. माझा हात कुठंही गेला नव्हता.

आता हे नुसतं माझंच रडगाणं नको म्हणून, ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांच्या कामाचं थोडं लिहितो. तुमचं पाणी कसलं आहे हे पाहायला लॅबच लागते असं नाही, कूलरच्या ताट्या पाहा. वाळ्याच्या असोत की लाकडाच्या भुश्याच्या, दोन महिन्यांत त्यांच्यावर पांढरा दगडासारखा थर आला तर तुमच्या दाढीचाही तोच हाल होणार. आमच्या ताट्या जूनमध्ये काढल्या तेव्हा हातात मोडल्या. आरओवाला येऊन तो पेनासारखा मीटर बुडवून टीडीएसचा आकडा दाखवतो, त्याच्यावर जाऊ नका, त्यात सगळेच विरघळलेले क्षार येतात, नुसतं मीठ असलं तरी आकडा वाढतो, फेसाचं भांडण फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमशी आहे. आणि पाणी दुष्फेन म्हणजे पिण्याला वाईट असंही नाही, पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात कठीणपणा (म्हणजे पाण्याचं हे दुष्फेनपणच) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंतही चालवून घेतात. पिता येते, पण दाढी होत नाही.

उपाय म्हणाल तर दाढीला पाणी लागतं किती, ब्रश भिजवायला अर्धी वाटी आणि फेसाला दोन-तीन चमचे. तेवढ्यापुरतं आरओचं पाणी घ्या, ते सुफेनच असते. चेहरा धुवायला बोअरचं चालते, पण फेस लावायच्या आधी त्या वाटीतलं थोडं पाणी गालावर फिरवा, नाहीतर गालावर जे बोअरचं पाणी आहे तेच फेस खाते, हे माझ्या आठ दिवस उशिरा लक्षात आलं. आरओ नसेल तर पाणी उकळा, थंड होऊ द्या, वरचं वरचं अलगद ओतून घ्या, जो कठीणपणा बायकार्बोनेटचा आहे तो उकळल्यावर खाली बसतो (तुमच्या गिझरमध्ये जो थर असतो तो हाच), सल्फेटचा असला तर मात्र तो उकळून जात नाही, माझ्याकडे अर्धा फरक पडला. आणि काहीच शक्य नसेल तर साबण दुप्पट घ्या, वडीवर अर्ध्याऐवजी सव्वा मिनिट, कॅल्शियमला त्याचं जेवण देऊन टाका आणि उरलेल्या साबणात फेस करा. क्रीम किंवा साबण घेताना मागे बारीक अक्षरांत ईडीटीए लिहिलंय का पाहा, ते कॅल्शियमला पकडून ठेवते, तेवढी मदत होते. भारी ब्रश घ्यायचाच तर हौसेने घ्या, माझा तो नऊशेवाला आता छान चालतो, पण तो इतवारीतला नायलॉनचाही तितकाच चालतो, खोटं कशाला बोलू.

ब्रशच्या मुळाशी साका बसून तो कडक झाला असेल तर फेकू नका. व्हिनेगर एक भाग आणि पाणी चार-पाच भाग करून त्यात थोडा वेळ बुडवा, हलवा, मग चांगल्या पाण्याने खूप धुवा. इथं आम्ल कामाचं आहे, फेसात नाही, लिंबूवाल्या शेजाऱ्यांना मी हे समजावून सांगितलंय पण त्यांना पटलेलं नाही. धुतल्यावर ब्रश झटकून खाली तोंड करून टांगा.

काकांना फोन करून हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "मंग मी काय म्हटलं होतं, तिकडं जाऊन बिघडला." मी म्हटलं, काका, मी नाही, पाणी. ते म्हणाले, "तेच ते."

राहिले ते डबे. जूनमध्ये पाऊस लागला तसं पोराने सुचवलं की पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नसते, दगडाला ते अजून लागलेलंच नाही. पहिले दोन पाऊस छत धुवायला जाऊ दिले आणि तिसऱ्या पावसापासून पन्हाळीखाली डबे लावले, वरून फडकं बांधून. पाच डबे, पंधरा-पंधरा लिटरचे, तेलाचे. दाढीला रोज अर्धी वाटी धरली तर मी सत्तरीपर्यंत पुरेल असं पोरगं म्हणते, त्याचा हिशोब थोडा चुकला असेल पण दिवाळी-संक्रांत सहज निघेल. त्याला स्वतःला आता ओठांवर मिसरूड फुटून राहिली आहे आणि परवा तो हळूच विचारत होता की बाबा, तो नायलॉनचा ब्रश तुम्ही वापरून राहिले का. मी म्हटलं घे. त्याचा पहिला फेस मात्र मठ्ठा झाला.

तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी दाढीवर काही छापाल तर पाण्याबद्दल दोन ओळी टाका एवढंच म्हणणं आहे, आणि शक्य असेल तर तो दुष्फेन शब्द वापरा, इंग्रजी नको.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक
बेसा रोड, नागपूर

ता. क. हे पत्र टाकायला निघालो तर पाहिलं की एक डबा रिकामा. चौकशी केली तर कळलं की बायकोने परवा ते पाणी गाळून, उकळून तुरीची डाळ शिजवायला घेतलं. बोअरच्या पाण्यात कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळीचा दाणा दाणा वेगळा राहायचा, या पाण्यात तिसऱ्या शिट्टीला लोणी झाली म्हणे. त्याचंही कारण कॅल्शियमच, डाळीचं साल आणि गर ते घट्ट धरून ठेवते. आता चार डब्यांपैकी दोन तिचे ठरले आहेत. मी तीन मागत होतो.